जुनी बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली. स्टार्ट देताना नुसता 'टक्' आवाज येतो, इंजिन फिरत नाही. स्टार्टर बदलावा का?

लगेच नको, आधी बॅटरी आणि अर्थिंग (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडी-इंजिनला जोडणारी वायर) तपासा. मी नाशकात ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो. 'टक्' म्हणजे सोलेनॉइड (स्टार्टरवरचा विजेचा स्विच) ओढतोय, पण मोटर फिरवण्याइतका करंट बहुधा पोचत नाही. या गाडीची बॅटरी डिकीत असते, म्हणून केबल लांब. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. स्टार्ट देताना ९.५ च्या खाली घसरले तर आधी चार्ज करून पुन्हा बघा, तरीही घसरले तर बॅटरी गेली. बॅटरी चांगली निघाली तर मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी स्टार्ट द्यायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थिंगचा पट्टा गंजलाय किंवा बोल्ट ढिला आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात टर्मिनलवर हिरवट पूड धरते, ती घासून काढा. पॉझिटिव्ह बाजूही अशीच, बॅटरीपासून स्टार्टरच्या जाड केबलपर्यंत मोजा. दोन्ही ठीक असतील तरच स्टार्टर उतरवा, उगाच हजारो रुपये घालू नका. मात्र 'टक्'सुद्धा येत नसेल, तर एवढंच तपासून भागत नाही. तिथे चावी, इमोबिलायझर (चावी न ओळखल्यास गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा), ब्रेक किंवा क्लच स्विच बघावा लागतो, आणि त्याला स्कॅनरवाला गाठा.