गॅस स्टेशनवर नाईट शिफ्टला काउंटरखाली पिस्तूल ठेवलं तर चालेल का, कंपनीची बंदी असताना?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की तुम्ही डॅलसजवळ एका चेनच्या गॅस स्टेशनवर रात्रपाळी करता, आसपासची एकदोन स्टोअर्स लुटली गेलीत, हँडबुकात स्पष्ट लिहिलंय की कामावर कुठलंच हत्यार आणायचं नाही, पण टेक्सासमध्ये तर २०२१ पासून लायसन्स नसतानाही पिस्तूल बाळगता येतं, मग काउंटरखाली ठेवलं तर कंपनी काढू शकते का, आणि वेळ आलीच तर कायदा तुमच्या बाजूने असेल का. मी वकील नाही, पण ह्यूस्टनकडे बरीच वर्षं कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये काढलीत, आधी क्लर्क मग मॅनेजर, आणि हा विषय आमच्याकडे इतक्या वेळा निघालाय की त्यातलं बरंच वाचून काढलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट जी तुम्ही लिहिलेलीच नाहीये. तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात? एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ असल्या नॉनइमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही, गोळ्यासुद्धा नाही. टेक्सासचा २०२१ चा कायदा इथे काही कामाचा नाही, कारण तो मुळात फक्त अशांसाठीच आहे ज्यांना स्टेट आणि फेडरल कायद्याने पिस्तूल बाळगायला मनाई नाहीये. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत होऊ शकते आणि वर देशाबाहेर काढण्याची केस. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरत असतो, की शिकारीचं लायसन्स काढा म्हणजे झालं. कायद्यात तो अपवाद आहे हे खरं, पण शिकारीच्या लायसन्सच्या भरवशावर रात्री काउंटरवर पिस्तूल ठेवायचं म्हणजे स्वतःचं आणि बायकोमुलांचं इमिग्रेशन पणाला लावणं आहे, वकिलाला विचारल्याशिवाय कृपा करून असलं काही करू नका. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलेली रेहैफ केस बघा, तो मुलगा स्टुडंट व्हिसावर आलेला, कॉलेजमधून नाव कमी झालेलं, आणि त्याने केलं काय तर फ्लोरिडात शूटिंग रेंजवर जाऊन बंदूक चालवली, एवढ्यावर फेडरल केस.

आणि समजा तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, तुम्हाला मनाई नाही, पण तुमच्याच शिफ्टला दुसरा कोणी व्हिसावर असेल तर? काउंटरखालचं पिस्तूल ज्याच्या हाताशी असेल त्याच्या ताब्यात होतं असा आरोप होऊ शकतो. हा मुद्दा कोणीच बोलत नाही आणि मला तो फार काळजीचा वाटतो, कारण गॅस स्टेशनवर असे मिश्र स्टेटसचे लोक एकाच काउंटरमागे उभे असतात.

आता धरून चालू की तुम्ही ग्रीन कार्डवाले किंवा सिटिझन आहात. तरीही कंपनी काढू शकते का? हो, काढू शकते. सेकंड अमेंडमेंट, म्हणजे अमेरिकन घटनेतला बंदूक बाळगण्याचा हक्क, सरकारला अडवते, खाजगी मालकाला नाही, हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. अमेरिकेत जवळपास सगळीकडे नोकरी ॲट-विल असते, म्हणजे मालक कारण न देताही घरी पाठवू शकतो, आणि हत्याराबद्दलचा नियम मोडला हे तर त्याच्याकडे आयतं कारण. मिशिगनमधली वॉलग्रीन्स या औषधदुकानांच्या चेनची केस यासाठी नक्की वाचा. २०११, बेंटन टाउनशिप, पहाटे साडेचारच्या सुमारास मास्क घातलेले दोन बंदूकधारी दुकानात शिरले, तिथल्या फार्मासिस्टने स्वतःचं पिस्तूल काढून गोळ्या झाडल्या, कोणाला लागलं नाही, लुटारू पळाले. त्या माणसाकडे परवाना होता, त्याच दुकानात आधी एकदा लूट झाल्यानंतर त्याने तो काढला होता. थोड्याच दिवसांत नोकरी गेली. तो कोर्टात गेला, म्हणाला की जीव वाचवला म्हणून मला काढणं हे सार्वजनिक हिताच्या विरोधात आहे, आणि २०१४ मध्ये फेडरल अपील कोर्टाने वॉलग्रीन्सच्या बाजूने निकाल दिला. मला ती केस वाचून आजही वाईट वाटतं, पण निकाल तसाच आहे.

याच्या उलट दोन निकाल आहेत आणि त्यातला फरक बारीक आहे. वेस्ट व्हर्जिनियात सेव्हन-इलेव्हनच्या एका क्लर्कने लुटायला आलेल्या बाईचा हात धरून बंदूक काढून घेतली, कंपनीने त्याला काढलं, २००१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जीवघेण्या प्रसंगात स्वतःचा बचाव केला म्हणून काढणं अन्यायाचं ठरू शकतं. युटामध्ये वॉलमार्टच्या लोकांनी चोराच्या हातातली बंदूक काढून घेतली म्हणून त्यांना काढलं, तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये म्हटलं की मागे हटायची सोयच नसेल तर स्वसंरक्षणाचा हक्क कंपनीच्या पॉलिसीपेक्षा मोठा. पण या दोन्ही ठिकाणी कर्मचाऱ्यांनी स्वतःची बंदूक आणलेली नव्हती हो. समोरच्याची हिसकावली. तुम्ही जे विचारताय ते तसं नाहीये, तुम्ही रोज नियम मोडून एक वस्तू आत घेऊन जायचं म्हणताय. आणि टेक्सास तर याबाबतीत फारच कडक आहे, इथे ॲट-विलला कोर्टाने दिलेला अपवाद म्हणजे १९८५ चा सबीन पायलट निकाल, बेकायदा काम करायला नकार दिला म्हणून काढलं तरच तो लागू होतो, स्वसंरक्षण त्यात बसत नाही.

गंमत बघा, गुन्ह्याच्या बाजूने मात्र टेक्सासचा कायदा तुमच्यासारख्याला बराच सांभाळून घेतो. कोणी जबरदस्तीने तुमच्या कामाच्या जागेत घुसत असेल तर घराइतकंच संरक्षण तिथेही आहे. म्हणजे असं होऊ शकतं की पोलीस तुमच्यावर काहीच गुन्हा लावणार नाहीत, आणि त्याच दिवशी कंपनी आयडी कार्ड काढून घेईल. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात.

गाडीचं वेगळं आहे. २००२ मध्ये ओक्लाहोमात व्हॅलियंट गावच्या वेअरहाउझर पेपर मिलने पार्किंगमधल्या गाड्या कुत्रे लावून तपासल्या आणि गाडीत बंदुका सापडल्या म्हणून कामगारांना काढून टाकलं, शिकारीचा मुलुख, लोकांच्या गाडीत रायफल असतेच, मोठा गदारोळ झाला आणि त्यातून पार्किंग लॉटचे कायदे आले. टेक्सासने २०११ मध्ये केला. कायदेशीर बंदूक स्वतःच्या कुलूप लावलेल्या गाडीत, कर्मचाऱ्यांच्या पार्किंगमध्ये, ठेवायला मालक मनाई करू शकत नाही (शाळा, काही केमिकल प्लांट, कंपनीच्या मालकीची गाडी असे अपवाद आहेत). पण त्याच कायद्यात हेही लिहिलंय की इमारतीच्या आत बंदी घालायचा मालकाचा हक्क कायम. पहाटे शिफ्ट संपल्यावर एकटं घरी जायची भीती असेल तर हा कायदा उपयोगाचा आहे, काउंटरसाठी नाही.

कंपन्या एवढ्या अडून का बसतात याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं आणि कळल्यावर राग आला. क्लर्कला गोळी लागली तर बहुतेक राज्यांत वर्कर्स कॉम्पेन्सेशन (कामावरच्या इजेचा विमा) लागतं, म्हणजे ठराविक भरपाई मिळते आणि मालकावर सहसा दावा लावता येत नाही. पण क्लर्कच्या गोळीने गिऱ्हाईक जखमी झालं तर दाव्याला मर्यादाच नाही. हिशोब असा आहे. म्हणून हँडबुकातलं ते वाक्य तुमच्या जिवासाठी लिहिलंय असं समजू नका. आणि टेक्सासमध्ये खाजगी मालकाला वर्कर्स कॉम्प घेणं सक्तीचंच नाही! तुमच्या कंपनीने घेतलंय की नाही याची नोटीस कामाच्या जागी लावलेली असायला हवी, आजच मागच्या ऑफिसमध्ये जाऊन बघा. घेतलेलं नसेल तर निष्काळजीपणाचा दावा तुम्ही थेट लावू शकता, आणि मग रात्रीच्या सुरक्षेवर पैसे घालणं त्यांच्याच फायद्याचं होतं.

तरी पिस्तूल ठेवू नका असंच मी सांगेन, आणि फक्त नोकरी जाईल म्हणून नाही. आमच्या स्टोअरला लूट झाली तेव्हा मी काउंटरवर होतो, माझं लक्ष गेलं तोवर त्याची बंदूक बाहेर होती, माझे दोन्ही हात त्याला दिसत होते, आणि त्याच्या बरोब्बर मागे कॉफी मशीनपाशी एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर कपात साखर घालत उभा. खाली वाकून काही काढायचं तर आधी गोळी कोणाला लागली असती? गल्ल्यात पैसे थोडेच होते, मोठ्या नोटा ड्रॉप सेफमध्ये (पैसे आत टाकता येतात, क्लर्कला काढता येत नाहीत), त्याने होते ते उचलले आणि गेला. नॉर्थ कॅरोलिनातल्या कामाच्या जागांचा एक अभ्यास २००५ मध्ये छापून आला होता, जिथे बंदुकीला परवानगी तिथे खून होण्याची शक्यता पूर्ण बंदी असलेल्या ठिकाणांच्या सुमारे पाचपट दिसली. आता यावर हरकत घेता येते, की मुळात धोक्याच्या जागीच लोक बंदुका ठेवतात, आणि ती हरकत मला रास्त वाटते, पण निदान बंदुकीमुळे जागा सुरक्षित होते असं तरी त्यातून निघत नाही.

मग हात जोडून बसायचं का? अजिबात नाही. कंपनीने हत्यार काढून घेतलंय ना, मग बाकीची सोय तिने करायची. ओशाने (कामगारांच्या सुरक्षेचं फेडरल खातं) रात्रीच्या दुकानांसाठी १९९८ मध्येच शिफारशी काढल्यात, गल्ल्यात कमी रोकड आणि टाइमवाली सेफ, खिडक्यांवरचे बिअरचे पोस्टर काढून रस्त्यावरून काउंटर दिसेल असं करणं, पार्किंगमध्ये लख्ख दिवे, पॅनिक बटण, धोक्याच्या जागी बुलेट-रेझिस्टंट काच, आणि रात्री एकटा माणूस न ठेवणं. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहराने तर १९८० च्या दशकातच रात्री दोन क्लर्क सक्तीचे केले होते. या शिफारशी आहेत, सक्ती नाही, म्हणून मागावं लागतं. तोंडी नको, ईमेल करा, तारखेसकट, कुठल्या स्टोअरमध्ये काय झालं ते लिहा. आणि एकट्याने नको, दोघातिघांनी मिळून करा, कारण कामाच्या परिस्थितीबद्दल कामगारांनी मिळून आवाज उठवला तर फेडरल लेबर कायद्याचं संरक्षण मिळतं, ॲट-विल असलं तरी (मॅनेजरला ते नसतं, तो तुमच्यात सही करणार नाही, त्याचा राग धरू नका). काहीच झालं नाही तर ओशाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते, आणि त्यावरून त्रास दिला किंवा काढलं तर त्याची वेगळी तक्रार तीस दिवसांच्या आत करावी लागते, हे तीस दिवस लक्षात ठेवा, लोक त्यातच चुकतात.

एवढं करूनही मालक ऐकत नसेल तर दिवसाची शिफ्ट किंवा दुसरं स्टोअर बघा, रात्रीचे तासाला चार पैसे जास्त मिळतात म्हणून थांबू नका. आणि मी सुरुवातीला व्हिसाचं विचारलं त्याचं उत्तर इथे उघड लिहू नका, ते फक्त वकिलाला सांगा.