नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कोर्टाकडून मिळालेला संरक्षण आदेश स्त्री स्वतःच मागे घ्यायला आली, तर न्यायाधीशांनी काय पाहावं?

लगेच मंजुरी देऊ नये. दबाव नाही ना, हे आधी तपासावं. नवऱ्याला बाहेर बसवून, रीतसर नोंद ठेवत तिला विचारावं: अर्ज कोणी लिहिला? सोबत कोण आलंय? मुलं, पैसे कोणाच्या ताब्यात आहेत? गळा दाबला होता का, हे तर स्पष्टच विचारावं. व्रण नसला तरी. २००८च्या एका अमेरिकी अभ्यासात गळा दाबला गेलेल्या स्त्रियांच्या खुनाचा धोका सुमारे सातपट आढळला.

आदेश मागे घ्यायला आली म्हणजे तक्रार खोटी, असं मानणं ही फार घातक चूक. कायद्यात वाव असेल तर आदेश पूर्ण रद्द न करता भेटीची मुभा द्यावी, मारहाण-धमकीची मनाई कायम ठेवावी.