ब्रास म्हणजे नेमकं किती?

भाऊ, साइटवर पहिल्याच आठवड्यात ‘ब्रास’ तुला गोंधळात टाकेल. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, प्लास्टरचा मात्र 100 चौरस फूट. दर ठरवतानाच कुठला ते बोलून घे.

ओळंब्याने भिंत उभी सरळ आहे का कळतं, गुण्याने काटकोन. ते हाताळून येईल.

क्युरिंगला, म्हणजे सिमेंटकाम पाणी देऊन ओलं ठेवायला, मात्र जीव लाव. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात दुपारी मारलेलं पाणी बघता बघता उडतं. स्लॅबवर मालाचे (सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचे) बांध घालून आळे कर, पाणी साठव. पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर अशा उन्हात 14 दिवस ओलं ठेव. विटाही आधी भिजव. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, मग सांध्यात नख खुपसलं की भुगा पडतो. मी पाहिलाय तो.