टांगहुलूची, म्हणजे काडीला टोचून पाकात बुडवलेल्या फळांवरची, साखर दाताला चिकटते, कधी पांढरी पडते. कुठं चुकतंय? साखरेऐवजी गूळ चालेल का?

तुमच्या प्रश्नातलं 'पाक सारखा हलवत होते, तरी पांढरा पडला' हे वाक्य वाचलं आणि राहवेना. 'तरी' नाही हो, 'म्हणूनच'! हेच वाक्य मी घरात तीन वर्षं ओरडून सांगायले.

आमच्या सासरी गाठ्या करतात. परभणीत. माघ संपत आला की मागच्या पडवीत भट्टी लागते, लाकडी साचे धुऊन निघतात, साच्यात दोरा टाकायचा, वरून पाक. होळीला लेकरांच्या गळ्यात, पाडव्याला गुढीला. म्हणजे या घरात पाकाबद्दल मत नसलेला माणूस नाही, आणि माहेरी कापसाची शेती असलेल्या माझं मत तर कुणी धरतच नाही.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मुलाच्या शाळेत आनंदनगरी होती. सगळी पोरं भेळ नाहीतर पाणीपुरी लावतात. आमच्याला मोबाईलमध्ये दिसलेलं टांगहुलू लावायचं होतं, दहा रुपयाला एक काडी. मी म्हटलं, करू. चीनच्या उत्तरेकडं थंडीत हे रस्त्यावर विकतात, त्यांचं मूळ फळ शानझा, लालभडक, बोराएवढं आणि आंबट. मग बोरं तर आपल्याकडं पायलीनं! गावरान बोरं आणि द्राक्षं घेतली, पुसली, पंख्याखाली पसरली. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी, असं किलोभर साखरेचं मोठ्या कढईत ठेवलं. साखर विरघळेपर्यंत हलवलं, चार थेंब लिंबू पिळलं आणि उलथनं बाजूला. पाक छान पारदर्शक उकळत होता.

तेवढ्यात धाकटे दीर दुकानातून आले. "वहिनी, काहून हलवंनात? बुडाला लागंल की!" आणि उलथनं घेऊन सुरू. मी नको नको म्हणेपर्यंत कडेला लागलेली कोरडी साखर पाकात गेली आणि बघता बघता अख्खी कढई वाळूसारखी झाली. पांढरी फक्क. वर म्हणतात, "बघा, कसा दाणा पडला!"

पडणारच. गाठीला दाणाच पाहिजे असतो, म्हणून तो पाक घोटतात. घोटला की साखरेचे कण पुन्हा एकमेकांना धरतात, पांढरी घट्ट गाठ तयार होते. टांगहुलूला बरोबर उलटं पाहिजे. कण जमूच द्यायचे नाहीत, साखरेची काच व्हायला पाहिजे. लिंबू त्यासाठीच, आंबटानं थोडी साखर फुटते आणि दाणा धरत नाही. कडेला उडालेले थेंब ओल्या ब्रशनं खाली ढकलायचे. बस्स. भाऊजींचं कौशल्य खोटं नाही, पण ते या कढईत चालत नाही.

साखर फेकू नका बरं का. मी त्यातच पाणी घातलं, पुन्हा विरघळवली, पुन्हा चढवली. रात्रीचे अकरा वाजले, पण काच झाली. चाळीस काड्या.

आता तुमच्या चिकटण्याचं. पाक कच्चा उतरवताय, दुसरं काही नाही. एकतारी-दोनतारीचा इथं संबंध नाही, ते गुलाबजामला. हा पाक १५० अंशांच्या आसपास जावा लागतो. थर्मामीटर नसेल तर गार पाण्याच्या वाटीत थेंब टाका, बाहेर काढून मोडा. वाकला तर थांबा, कट्कन तुटला तर गॅस बंद. रंग पिवळसर व्हायला लागला की उशीर झालाय. फळ फ्रिजमधून थेट काढलेलं नको, त्याला घाम सुटतो आणि पाक निसटतो. जालन्याच्या मोसंबीच्या फोडीही छान होतात, फक्त साल फाटलेली फोड घेऊ नका. रस लागला की काच विरघळलीच समजा.

गूळ? नाही. गुळाची चिक्की होते, काच होत नाही. गढूळ दिसतो आणि हवेतलं पाणी ओढून लगेच चिवट होतो. पौष्टिक खायचं असेल तर नुसती बोरं खा.

आता राहिलेलंही सांगते, नाहीतर दीर खाली येऊन लिहितील. त्या काड्या मी रात्रीच झाकणाच्या डब्यात भरल्या. सकाळी द्राक्षांना पाणी सुटलेलं, निम्म्या काड्या एकमेकींना चिकटून एकच ढेकूळ. ही चूक माझी. टांगहुलू करायचं आणि तासा-दोन तासांत खायचं. पावसाळ्यात तर तेवढंही टिकत नाही, आपल्याकडं कोरड्या हवेत त्यातल्या त्यात बरं. पण गंमत बघा, प्रत्येक लग्नात भाऊजी ढेकळाची गोष्ट सांगतात, वाळूची नाही! बोराच्या काड्या मात्र मधल्या सुट्टीच्या आत संपल्या होत्या. सासऱ्यांनी एक खाल्ली, काही बोलले नाहीत, दुसरी मागितली.

हो, आणि लेकरांना शेगडीजवळ येऊ देऊ नका, हा पाक कातडीला चिकटून भाजतो. बोरात बी असते हेही आधी सांगा, एका मास्तरांनी कचकन चावलं होतं. कढई घासत बसू नका, पाणी घालून उकळा, आपोआप सुटते.

यंदा भट्टी लागली की तिच्या शेजारीच छोट्या पातेल्यात करून दाखवणार आहे. उलथनं आधी लपवून ठेवीन.