गळाला लागलेला मासा घरी न्यावा की सोडून द्यावा?

गरवायला नुकतीच सुरुवात केली आहे, एक जण म्हणतो प्रत्येक मासा सोडलाच पाहिजे, दुसरा म्हणतो सोडायचाच तर धरायचा कशाला, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्या माशांना लागू पडेल असं उत्तर यावर नाही. म्हणून मी जिताड्याबद्दलच सांगतो. गोव्यात याला चोणक म्हणतात. आपल्या खाड्यांमध्ये रॉड घेऊन उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक जण याच्याच मागे असतो, आणि सर्वांत जास्त चुकीचे सल्लेही याच्याबद्दलच दिले जातात.

'लहान सोड, मोठा ने' हा नियम तुम्हाला जेटीवर पहिल्याच दिवशी ऐकवतील. जिताड्याच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो, साधारण तीन-चार वर्षांचा झाल्यावर. पुढे सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, ८५ ते १०० सें.मी. लांबीच्या दरम्यान, तोच मासा मादी होतो. म्हणजे मीटरभर लांबीचा जिताडा तुमच्या गळाला लागला, तर ती बहुतेक मादीच असते. पावसाळ्याच्या सुमारास ती खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी सोडते, मोठ्या मादीची अंडी कोटींच्या घरात जातात. पिल्लं भरतीबरोबर आत, निमखाऱ्या पाण्यात शिरतात. पेण-अलिबागकडे शेततळ्यांत सोडायला हीच पिल्लं पूर्वापार गोळा करतात. गाभोळी भरलेला मोठा जिताडा कापला की खाडीची पुढची पिढी कापली जाते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये म्हणूनच दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे: ५८ सें.मी.पेक्षा लहान आणि १२० सें.मी.पेक्षा मोठा, दोन्ही परत पाण्यात. आपल्याकडे २०२३ साली राज्य शासनाने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिले, पण वरच्या टोकाची चर्चा अजून कोणी करत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ६० ते ८० सें.मी.मधला न्या, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा सोडा. रॉडच्या मुठीपासून या दोन मापांवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, म्हणजे मासा पाण्यात असतानाच रॉड बाजूला धरून माप कळतं.

आता खरा मुद्दा. सोडलेला मासा जगला तरच त्याला सोडणं म्हणायचं. पाण्यात गेला, दिसेनासा झाला, म्हणजे वाचला असं नाही. तो काही वेळाने तळाशी मरून पडू शकतो आणि ते कोणाला दिसत नाही.

पहिली चूक गळातच असते. ल्यूरला, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाला, बहुतेक वेळा दोन-दोन तिहेरी गळ असतात. एक तोंडात बसतो, दुसरा झटापटीत डोळ्यात नाहीतर कल्ल्यात. ते काढून एकेरी गळ लावा आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवलीत तर मासा सहसा सुटत नाही. जिवंत बोय किंवा कोळंबी लावत असाल तर सर्कल गळ (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरा आणि झटका देऊ नका, नुसती दोरी ताणत न्या, गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिलात तर तोच गळ नुसता तोंडातून निसटतो. मासा गळ गिळून बसला असेल तर ओढू नका. तोंडाजवळ दोरी कापा आणि गळ आत राहू द्या. ओढून काढलेल्या गळाबरोबर आतडं फाटतं.

दुसरी चूक दोरीची. दोरी बारीक, रिळाचा ड्रॅग (दोरी सुटू देणारा ब्रेक) सैल, आणि मजा म्हणून वीस मिनिटं झुंज. एप्रिल-मे महिन्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात माशाच्या अंगात आम्ल साचतं. जाड दोरी लावा, लवकर आणा.

तिसरी चूक जेटीवर होते. तापलेल्या काँक्रीटवर मासा उड्या मारतो, अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून निघतो, पुढे त्याच जागी बुरशी धरते. गाठी असलेल्या नायलॉनच्या जाळीनेही तेच होतं, रबरी जाळी घ्या. हात ओले करा. कोरड्या फडक्याने धरू नका. जबड्याला धरून उभा लटकवू नका, सहा किलोच्या माशाचं सगळं वजन गळ्याच्या सांध्यावर येतं. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या देठाला. कल्ल्यात बोटं घालू नका: आत नाजूक लाल झालर असते आणि बाहेरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तुमचंच बोट कापेल. फोटो काढायचा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा आणि मासा उचलताना स्वतःचा श्वास धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्याला पाण्यात टाकायची वेळ झाली.

सोडताना तोंड प्रवाहाकडे. पुढे-मागे हलवण्याची सवय सर्रास दिसते, ती चुकीची आहे. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. नुसता सरळ धरून ठेवा, शेपूट तुमच्या मुठीत जोर करू लागली की मूठ सैल करा. पुलावरून किंवा उंच कातळावरून फेकू नका.

कल्ल्यातून रक्त येत असेल तर सोडायच्या भानगडीत पडू नका. डोळ्यांच्या मागे, डोक्यावर दांडक्याचा एक जोरदार फटका, मग कल्ल्याची शीर कापून रक्त काढा आणि दोन भाग बर्फ, एक भाग खारं पाणी अशा खोक्यात ठेवा. कातळावर तासभर तडफडत ठेवलेल्या माशाचं मांस मऊ पडतं, आणि तो छळही आहे.

आता राहिलेलं. खोल पाण्यातला गोबरा किंवा तांबोसा वर आणलात आणि जठर तोंडातून बाहेर आलं, डोळे फुगले, तर तो तसाच सोडल्यावर तरंगत राहतो आणि घारी त्याला उचलतात. तोंडातून आलेला तो फुगा फोडू नका. काटा दाबलेला गळ वजनाला उलटा बांधून ओठात अडकवा, मासा तळाकडे न्या आणि झटक्याने गळ मोकळा करा. गोबरा जिताड्याच्या उलट आहे, आधी मादी, मग नर, त्यामुळे वरचं माप त्याला लावू नका. नदीतली खडशी, म्हणजे महसीर, मी कुठल्याही मापाची नेणार नाही. धरणातली चिलापी आणि थाई मांगूर मात्र बाहेरून आलेले आहेत, ते पाण्यात परत सोडू नका.

जिताड्याच्या लांबीचे आकडे साधारण आहेत. पाणी आणि खाद्याप्रमाणे काही मासे आधी मादी होतात, काही नंतर. आणि हे सगळं हौसेने गरवणाऱ्यांसाठी आहे. ज्याच्या घरची चूल त्या माशावर पेटते, त्याला जेटीवर उभं राहून सोडायला सांगू नका.