हवामान संशोधनाला एवढे महागडे सुपरकॉम्प्युटर लागतातच का? आणि त्यांचा डेटा साठवून सामान्य माणसाला काय मिळतं?

लागतात. डेटाही मिळतो, तोही फुकट. एवढं लिहून थांबणार होतो, पण तुमच्या प्रश्नातलं ते "साठवून काय मिळतं" मी घरात ऐकलेलं आहे.

आमचं गाव वरूड तालुक्यातलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. बाबा मास्तर होते. शाळेनं टाकून दिलेलं पर्जन्यमापक त्यांनी झाळून घेतलं, झाडांपासून लांब अंगणात बसवलं आणि 1986 पासून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायला लागले. साडेआठलाच. भाचीच्या लग्नातून उठून घरी आलेले मी पाहिलेत. साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे पहाटेचे तीन, देशातल्या सगळ्या वेधशाळा त्याच वेळेला मोजतात हे त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे. शंभर पानी वही, तीन रकाने: मिलिमीटर, वारा, शेरा. शेऱ्यात "मिरग कोरडा", "आंबियाची गळ सुरू" (आंबिया म्हणजे संत्र्याचा एक बहार) असलं काहीबाही. अशा एकोणीस वह्या.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी घराला रंग काढला, तेव्हा दादानं त्या रद्दीवाल्याला घातल्या. मी भांडलो तर म्हणे, "काऊन बे, वह्या ठेवल्यानं पाऊस पडून रायला का?" चार वाचल्या, त्याही मी आधीच नागपूरला नेल्या होत्या म्हणून.

मग दिवाळीत इरेला पेटून मी हवामान विभागाच्या पुण्याच्या साइटवरून रोजच्या पावसाचा डेटा उतरवला. 1901 पासूनचा आहे, पाव अंशाच्या जाळीत, म्हणजे साधारण 27 किलोमीटरची एक चौकट. एका वर्षाची फाईल 25 एमबीच्या आसपास. गावात नेट कुठलं, पाण्याच्या टाकीवर चढून बसलो. आमच्या जवळचा बिंदू 21.5 उत्तर, 78.25 पूर्व. वाचलेल्यातली 1991 ची वही काढली. 30 जुलै, वर्धा नदीकाठचं मोवाड पुरात गेलं तो दिवस. मिलिमीटरच्या रकान्यात आकडा नाही. "रात्रीत मापक भरून वाहिले." खाली वेगळ्या शाईत, "मोवाड गेले म्हणतात."

जाळीत त्या दिवसालाही आकडा आहे, पण तो आसपासच्या केंद्रांवरून बसवलेला. एका चौकटीत कितीतरी गावं येतात, त्यात एखाद्या अंगणातली ढगफुटी सपाट होऊन जाते. युरोपचा ईआरए5, म्हणजे जुन्या नोंदी आणि संगणकाचं गणित जुळवून बसवलेला डेटा, तो पण लावून पाहिला. 1940 पासूनचा, तासातासाचा, चौकट 31 किलोमीटरची. त्याचा दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. बाबांचा साडेआठला. हे लक्षात न घेता मी दोन दिवस बाबांनाच खोटं ठरवत बसलो होतो.

आता तुमच्या यंत्रांकडे येतो. पुण्याच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, 2018 साली प्रत्यूष आला, 4 पेटाफ्लॉपचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं एवढी गणितं). 2024 मध्ये अर्क, 11.77 पेटाफ्लॉप, आणि नोएडाला अरुणिका, 8.24. एवढी ताकद कशाला? अंदाजाची चौकट 12 किलोमीटरवरून 6 वर आणायची तर दोन्ही दिशांना बिंदू दुप्पट होतात आणि गणित ज्या वेळेच्या पावलांनी पुढं सरकतं ते पाऊलही निम्मं करावं लागतं. काम सरळ आठपट. तरीही 6 किलोमीटरमध्ये नाल्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन हे सुटत नाहीच, म्हणून अंदाज चुकला की लोक यंत्राला शिव्या घालतात. हवामानबदलाचं गणित तर शेकडो वर्षांचं चालवायचं असतं. आयआयटीएमच्या प्रारूपाची (म्हणजे संगणकातल्या हवामानाच्या मॉडेलची) अशी गणितं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालामागच्या जागतिक संचात आहेत. तो संच कुठल्या एका यंत्रात नाही. हॅम्बुर्गच्या हवामान संगणन केंद्रासारखी ठिकाणं तो एकाच साच्यात जपून ठेवतात आणि टाकीवर बसलेल्या माणसालाही देतात. (आणि हे सगळं पुण्यामुंबईवाल्यांचं काम असं म्हणणाऱ्यांसाठी: 1991 चा परम 8000 हा भारताचा सुपरकॉम्प्युटर ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला ते विजय भटकर आमच्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.)

माझं मत विचाराल तर पैसा यंत्रावर जास्त आणि वहीवर कमी जातो. यंत्र सहा-सात वर्षांत म्हातारं होतं, नवं घेता येतं. 1991 चा पाऊस पुन्हा मोजता येत नाही. अर्कला चार दिवस कोंडून ठेवलं तरी तो आमच्या अंगणातला त्या रात्रीचा आकडा काढून देणार नाही. तुमच्या गावात कोणी शिक्षक, कोतवाल, कोणीही पाऊस लिहून ठेवत असेल तर आधी फोटो काढा, मग मोठ्या भावाला सांगा. आधी नाही.

आता थोडं दादाच्या बाजूनंही. एका अंगणातल्या वहीवरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही. बाबांचं मापक झाळलेलं होतं, शेवटच्या वर्षांत मोतीबिंदूमुळे 3 आणि 8 मध्ये गल्लत होती. पीकविम्याला तर महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा धरतात, आमची वही कोणी विचारली नसती. हे सगळं खरं. पण त्यानं रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मला एक फोन करायला हवा होता, हेही खरंच.

तो हे वाचणार नाही, त्याचा मुलगा वाचतो. बाळा, मागच्या खोलीतल्या कुलरच्या एका पायाखाली जाड पुठ्ठ्याचं काहीतरी टेकण दिलेलं आहे. ते काढून बघ, वर 1994 लिहिलंय का.