बीपीची गोळी चालू आहे, जळगावला जिनिंगमध्ये कामाला आहे, कापसाच्या धुळीने नाक चोंदतं. ॲलर्जीचा स्प्रे चालेल का?

चालेल, पण आधी बाटलीवरचं औषधाचं नाव वाचा. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन (ही स्टिरॉइड औषधं) असेल तर बीपीला सहसा अडचण नाही. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको: ते रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळं करतं, त्याने बीपी वाढू शकतं, शिवाय 3 दिवसांपुढे मारत राहिलं की नाक उलट जास्तच चोंदतं. मेडिकलवरून सर्दीची गोळी घेतलीत तर तिच्यात बीपी वाढवू शकणारं फेनिलेफ्रिन नाही ना, तेही बघा. स्टिरॉइडचा स्प्रे मारताना मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे नको, कानाच्या दिशेने. जोरात ओढलं तर औषध घशात जातं. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, रोज घ्या. काचबिंदू असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.